आरोग्य खात्याच्या नावाने येणारे खोटे संदेश : ओळख आणि बचाव

नीरा-बारामती रस्त्यावरील सोमेश्वरनगर हे नाव उच्चारले, की सहकारी साखर कारखाना, नीरा डाव्या कालव्याचे पाणी आणि करंजे येथील सोमेश्वराचे मंदिर डोळ्यांपुढे येते. या पंचक्रोशीतील अनेक घरांतील मुले-मुली नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थायिक झाली आहेत; वडीलधारी मंडळी मात्र गावीच आहेत. त्यांच्या हातातील मोबाईल हेच आता सरकारशी जोडणारे दार झाले आहे. उसाचे बिल जमा झाल्याची वर्दी मोबाईलवर येते, शिधापत्रिकेची माहिती मोबाईलवर येते आणि आरोग्य योजनांचे निरोपही मोबाईलवरच येतात. नेमके याच दाराशी भामटे उभे असतात.

'आपले आरोग्य योजनेचे अनुदान खात्यात जमा होऊ शकले नाही. आजच खालील दुव्यावर माहिती भरा, अन्यथा नाव रद्द होईल,' अशा आशयाचा लघुसंदेश येतो. संदेशात योजनेचे नाव खरे असते, कधी लाभार्थ्याचे नावही अचूक असते. खोटा असतो तो फक्त पाठवणारा. अशा संदेशास बळी पडणाऱ्यांना 'अडाणी' किंवा 'लोभी' ठरवण्याची आपल्याकडे रीत आहे. ती अन्यायाची आहे. फसवणूक होते ती बहुधा अशा माणसाची, जो त्या संदेशाची खरोखरच वाट पाहत असतो.

संदेश खरा का वाटतो?

सार्वजनिक आरोग्याच्या योजना ढोबळमानाने दोन प्रकारच्या आहेत. हा भेद समजला तर निम्मे खोटे संदेश तिथेच उघडे पडतात.

पहिल्या प्रकारात लाभार्थ्याच्या हाती रोख रक्कम येत नाही. राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने आपल्या योजनेचे संरक्षणही कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागले. या सर्व योजनांत उपचार रोकडरहित असतात. रुग्ण अंगीकृत रुग्णालयात जातो, तेथील आरोग्यमित्र कागदपत्रे पाहतो आणि खर्चाची रक्कम थेट रुग्णालयाला मिळते. तेव्हा 'आपले पाच लाख रुपये मंजूर झाले, खाते क्रमांक कळवा' असा संदेश आला, तर तो खोटाच असणार. जी रक्कम रुग्णाच्या खात्यात जमा करण्याची तरतूदच योजनेत नाही, ती जमा कुठून होणार?

दुसऱ्या प्रकारात मात्र खरोखर पैसे मिळतात आणि म्हणून धोकाही अधिक असतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये हप्त्यांनी मिळतात. दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये मिळतात. क्षयरुग्णांना पोषणासाठी एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये दिले जात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. ग्रामीण भागातील पात्र मातांना संस्थेत प्रसूती झाल्यावर जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये मिळतात. हे हप्ते कधी लांबतात, कधी आधार जोडणीअभावी अडकतात. 'रक्कम अडकली आहे' हे वाक्य त्यामुळे ऐकणाऱ्याच्या अनुभवाशी जुळते. बाळंतिणीला किंवा क्षयरुग्णाला ते खोटे वाटण्याचे काही कारण नसते.

या रकमा लहान आहेत, पण भामट्याचा डोळा त्यांच्यावर नसतो. त्याला हवे असते ते खाते. गाळप हंगामात ऊस तुटून गेल्यावर वर्षभराच्या कष्टाचे पैसे ज्या खात्यात येतात, बहुधा त्याच खात्याशी घरातला मोबाईल जोडलेला असतो. सातशे रुपयांच्या आमिषाने उघडलेल्या दारातून वर्षाचे उत्पन्न निघून जाऊ शकते.

२०२१ ची शिकवण

आरोग्यसेवेचा मुखवटा किती परिणामकारक ठरतो, याचा धडा करोनाकाळात देशाला मिळाला. १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरणाची नोंदणी 'कोविन' या शासकीय संकेतस्थळावर २८ एप्रिल २०२१ रोजी खुली झाली. लसींचा तुटवडा होता, वेळ मिळवण्यासाठी लोक रात्री जागत होते. त्याच दिवसांत 'करोना लसीची मोफत नोंदणी करा' असा लघुसंदेश देशभर फिरू लागला. त्यातील दुव्यावरून अँड्रॉइड मोबाईलमध्ये एक फाईल उतरत असे. ती उघडली, की ती संपर्कयादी पाहण्याची व संदेश पाठवण्याची परवानगी मागे आणि मग यादीतील प्रत्येकाला तोच संदेश परस्पर पाठवत असे. मे २०२१ मध्ये 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने अशा बनावट ॲपबाबत सावधगिरीचा इशारा दिला. आरोग्य मंत्रालयाने तर जानेवारी २०२१ मध्येच कोविनच्या नावाची खोटी ॲप बाजारात आल्याचे सांगून ती न घेण्याचे आवाहन केले होते.

या प्रकरणातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो संदेश अनोळखी क्रमांकावरून येत नव्हता. तो मामाच्या, मैत्रिणीच्या किंवा कार्यालयातील सहकाऱ्याच्या मोबाईलवरून येत होता आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. 'ओळखीच्या माणसाने पाठवला' हा संदेशाच्या खरेपणाचा पुरावा होऊ शकत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

त्याच वर्षी मुंबईत उलट बाजूने तोच धडा मिळाला. कांदिवलीतील एका गृहसंकुलात ३० मे २०२१ रोजी लसीकरण शिबिर भरले. ३९० रहिवाशांनी प्रत्येकी १,२६० रुपये देऊन लस घेतली. एरवी लस घेताच कोविनकडून संदेश येत असे. येथे तो आला नाही. नंतर मिळालेली प्रमाणपत्रे निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांची निघाली. रहिवाशांनी त्या रुग्णालयांकडे स्वतः चौकशी केली, तेव्हा शिबिराशी आपला संबंध नसल्याचे उत्तर मिळाले आणि बनाव उघडकीस आला. हातात आलेल्या कागदावर विसंबून न राहता मूळ ठिकाणी जाऊन विचारले, म्हणून सत्य कळले.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या नावाने २०२१ च्या आरंभी लशीचे आणि वर्षाच्या शेवटी 'ओमायक्रॉन'च्या मोफत चाचणीचे खोटे संदेश फिरले. मोफत चाचणीची हीच युक्ती आपल्याकडेही आली आणि डिसेंबर २०२१ च्या अखेरीस केंद्रीय गृह मंत्रालयाला त्याविषयी सूचना काढावी लागली. साथ ओसरली तरी युक्ती राहिली. बदलले ते फक्त योजनेचे नाव.

फसवणुकीच्या तीन वाटा

पहिली वाट बनावट संकेतस्थळाची. संदेशातील दुवा उघडला, की राजमुद्रा व योजनेचे बोधचिन्ह असलेले पान दिसते. तेथे आधार क्रमांक, खाते क्रमांक, कार्डामागील तीन आकडे भरण्यास सांगतात. 'नोंदणी शुल्क' म्हणून अगदी लहान रक्कम मागितली जाते, कारण लहान रकमेसाठी कोणी फारसा विचार करत नाही. त्या निमित्ताने कार्डाची सारी माहिती पलीकडे पोहोचते.

दुसरी वाट ॲपची. व्हॉट्सॲपवर किंवा लघुसंदेशातून 'एपीके' या अक्षरांनी संपणारी फाईल येते. शासनाचे ॲप अधिकृत ॲपभांडारातून मिळते. ते कोणी संदेशातून धाडत नाही. अशी फाईल बसवली, की ती मोबाईलवर येणारे सर्व संदेश वाचण्याची मुभा मागते. त्यानंतर बँकेचा ओटीपी येताच तो मालकाच्या नजरेस पडण्यापूर्वीच भामट्याकडे जाऊ शकतो. मालकाने कोणाला काहीही सांगितलेले नसते, तरी खाते रिकामे होते.

तिसरी वाट दूरध्वनीची. संदेशामागोमाग फोन येतो. बोलणारा स्वतःला आरोग्य खात्यातील किंवा अंगणवाडी प्रकल्पातील कर्मचारी म्हणवतो, मराठीत आदबीने बोलतो, प्रसूतीची तारीखही सांगतो. मग क्यूआर कोड पाठवून तो 'स्कॅन' करण्यास व यूपीआय पिन टाकण्यास सांगतो. येथे एकच नियम पुरेसा आहे : पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पैसे मिळतील असे सांगून कोणी पिन टाकायला लावत असेल, तर पैसे आपल्या खात्यातून जाणार आहेत.

पलीकडच्या माणसाला आपली इतकी माहिती कशी, हा प्रश्न अनेकांना गोंधळात टाकतो. रुग्णालये, प्रयोगशाळा, विमा व्यवहार अशा अनेक ठिकाणी आपली माहिती नोंदलेली असते आणि ती बाहेर फुटते. जून २०२३ मध्ये लसीकरणाच्या नोंदींतील तपशील टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. कोविनच्या मूळ साठ्यात थेट शिरकाव झाल्याचे सरकारने नाकारले, पुढे या प्रकरणी अटकही झाली. तात्पर्य इतकेच, की समोरच्याला आपले नाव, वय, गाव ठाऊक आहे म्हणून तो सरकारी माणूस ठरत नाही.

ओटीपीविषयी अधिक नेमका नियम

'ओटीपी कोणालाही सांगू नका,' ही सूचना सर्वत्र दिली जाते. ती योग्य आहे, पण गावातील अनुभवाशी ती पूर्णपणे जुळत नाही. आयुष्मान कार्ड काढताना आधारची पडताळणी होते, आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि आशाताईंना किंवा सेवा केंद्रातील मुलाला तो सांगावाच लागतो. ज्या आजीने काल खऱ्या कामासाठी ओटीपी सांगितला, तिला आज फोनवर मागितलेला ओटीपी वेगळा का, हे कोणी समजावून सांगितलेले नसते.

म्हणून तिच्यासाठी नियम असा हवा : काम आपण स्वतः सुरू केलेले असेल, माणूस समोर बसलेला असेल आणि संदेशात त्याच कामाचा उल्लेख असेल, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ओटीपी सांगावा. ओटीपीच्या संदेशात तो कशासाठी आहे हे लिहिलेले असते. आकडे वाचण्याआधी ती ओळ वाचावी किंवा घरातील शिकत्या मुलाकडून वाचून घ्यावी. फोनवरून ओटीपी मागणाऱ्याला मात्र, तो कोणाचेही नाव घेवो, नकारच द्यावा. बँकेचा ओटीपी आणि यूपीआयचा पिन तर समोर बसलेल्या माणसालाही सांगायचा नाही.

संदेश कसा तपासावा?

प्रथम पाठवणाऱ्याकडे पाहावे. शासकीय संस्था, बँका व कंपन्यांचे लघुसंदेश साध्या दहा आकडी क्रमांकावरून न येता नोंदणीकृत अक्षरी शीर्षकाने येतात. लसीकरणाच्या काळात कोविनचे संदेश 'एनएचपीएसएमएस' या इंग्रजी अक्षरांनी येत असत, हे अनेकांना आठवेल. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, फेब्रुवारी २०२५ मध्ये नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार शीर्षकाच्या शेवटी एक इंग्रजी अक्षर येऊ लागले : जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि शासकीय संदेशासाठी जी. आरोग्य खात्याच्या नावाचा संदेश दहा आकडी क्रमांकावरून आला असेल, तर तो बाजूला सारावा. उलट, शीर्षक बरोबर दिसले म्हणून डोळे मिटून विश्वासही ठेवू नये; नोंदणीकृत शीर्षकांचा गैरवापर झाल्याचे आढळल्याने ट्रायला फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांच्या फेरतपासणीचे आदेश द्यावे लागले होते.

दुसरे, दुव्यातील पत्ता वाचावा. केंद्र व राज्य शासनाची संकेतस्थळे 'डॉट गव्ह डॉट इन' किंवा 'डॉट निक डॉट इन' या अक्षरांनी संपतात. पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा पत्ता घ्यावा आणि तो शेवटाकडून वाचावा. 'गव्ह' हा शब्द पत्त्याच्या मधे कुठेतरी आहे, किंवा तो आडव्या रेघेने दुसऱ्या शब्दाला जोडला आहे, पण शेवट वेगळाच आहे, तर ते संकेतस्थळ सरकारी नाही. पत्ता फार लहान, अर्थहीन अक्षरांचा असेल, तर तो उघडूच नये.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, चौकशी संदेशाने दाखवलेल्या वाटेने करू नये, आपल्या वाटेने करावी. संदेशातील क्रमांकावर फोन केला, तर तो भामट्यालाच लागणार. महात्मा फुले योजनेसाठी १५५३८८ किंवा १८००२३३२२००, आयुष्मान भारतसाठी १४५५५ आणि आधारविषयी १९४७ हे क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवावेत.

या बाबतीत सोमेश्वरनगरसारख्या गावाला शहरापेक्षा एक मोठा लाभ आहे. मातृवंदनेचा अर्ज ज्या आशाताईंनी किंवा अंगणवाडी सेविकेने भरून घेतला, त्या त्याच वस्तीवर राहतात. क्षयरोगाची औषधे देणारे आरोग्य केंद्र परिसरातच आहे. बारामतीच्या शासकीय रुग्णालयात समोरासमोर विचारता येते. म्हणजे पडताळणी दारातून हाक मारण्याच्या अंतरावर आहे. भामट्याला हे ठाऊक असते आणि म्हणूनच 'आजच', 'दोन तासांत', 'अन्यथा रद्द' असे शब्द तो वापरतो. शेजारच्या घरापर्यंत जाण्याइतका वेळ मिळू न देणे, हीच त्याची खरी युक्ती आहे. शासकीय योजनेतील नाव एका लघुसंदेशाला तासाभरात उत्तर न दिल्याने रद्द होत नाही.

शहरातील मुलांनी काय करावे?

गावाकडील आई-वडिलांच्या कार्डावर अनेकदा पुण्यातील मुलाचा किंवा सुनेचा मोबाईल क्रमांक नोंदलेला असतो. त्यामुळे खोटा संदेश शहरात येतो आणि मुलगा घाईत तो 'लगेच भरा' म्हणून गावच्या मोबाईलवर पुढे धाडतो. मुलाकडून आला म्हणून आई-वडील तो निःशंकपणे उघडतात. शहरातील वाचकांनी हे एक पथ्य पाळावे : न तपासलेला सरकारी संदेश वडीलधाऱ्यांना कधीही पुढे पाठवू नये.

पुढच्या गावभेटीत तासभर काढून तीन कामे करावीत. आई-वडिलांच्या मोबाईलमध्ये अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवण्याची मुभा बंद करावी. दैनंदिन व्यवहाराचे खाते वेगळे ठेवून यूपीआय केवळ त्याच खात्याला जोडावे; उसाचे बिल आणि ठेवी दुसऱ्या खात्यात राहू द्याव्यात. आणि बँकेत, आधारमध्ये व योजनांत नोंदलेला क्रमांक चालू आहे ना, हे पाहावे. बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. हंगामासाठी बीड, अहिल्यानगर भागातून कारखान्याच्या परिसरात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांत क्रमांक वारंवार बदलतात. त्यांच्याबाबत ही काळजी अधिकच घ्यावी लागते.

पैसे गेलेच तर

लाजेने गप्प बसणे हे सर्वांत मोठे नुकसान. पैसे गेल्याचे कळताच १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर फोन करावा. खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, वेळ व रक्कम सांगावी. ही माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि रक्कम ज्या खात्यात पोहोचली असेल, तेथे ती रोखून धरण्याचा प्रयत्न होतो. भामटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवतात आणि शेवटी रोख काढतात. रोख निघण्यापूर्वी तक्रार पोहोचली, तरच पैसे थांबतात. म्हणून पहिला तास मोलाचा असतो. त्यानंतर 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या संकेतस्थळावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. लघुसंदेश पुसून टाकू नये. तो पुरावा असतो.

बँकेलाही त्याच वेळी कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार, ग्राहकाचा किंवा बँकेचा दोष नसताना झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही. ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कळवल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेचे. म्हणजे चूक झाली असली तरी तक्रारीने पुढची हानी थांबते.

मोबाईलमध्ये संशयास्पद ॲप बसवले गेले असेल, तर त्याचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, फोन दुसऱ्या मोबाईलवरून करावेत आणि जाणकाराकडून तो मोबाईल पूर्ण पुसून घेईपर्यंत त्यावर बँकेचा व्यवहार करू नये. पैसे गेले नसले तरी संशयास्पद संदेशाची माहिती दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरील 'चक्षू' या सुविधेत देता येते. ती मार्च २०२४ पासून उपलब्ध आहे. दुसऱ्याचे रूप घेऊन संगणकीय साधनाने फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड अन्वये तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा आहे.

सरकारी आरोग्य योजना या सामान्य माणसाच्या हक्काच्या आहेत. खोट्या संदेशांच्या भीतीने कोणी खरा लाभ घेण्याचे टाळले, तर ते दुसरे नुकसान होईल. आयुष्मान कार्ड जरूर काढावे, मातृवंदनेचा अर्ज जरूर भरावा. मात्र आरोग्य केंद्रात, अंगणवाडीत किंवा सेवा केंद्रात जाऊन. मोबाईलवर आलेल्या निरोपाची खातरजमा करण्यासाठी आशाताईंच्या दारापर्यंत चालत जाण्याचे कष्ट फारसे नाहीत, आणि त्या चार पावलांत वर्षाची कमाई वाचू शकते.